मागच्याला ठेच

कुह्मोपाशी, फिनलंडात, फेब्रुवारीतलं तळं.
बर्फ हातभर जाड.
तीस वर्षं टपाल वाटलं हिल्काने
पुढच्या चाकांच्या गाडीतून:
ओढायचंही त्यांनीच, वळायचंही त्यांनीच,
घरातल्या थोरल्या मुलीसारखं.

"हिला गाडी म्हणतात होय?" टाइस्टो म्हणाला.
त्याची लाल, लांब नाकाची, मागून ढकलणारी.
किल्ल्या बदलल्या.

वळणावर त्याने
जितकं स्टिअरिंग फिरवलं तितकी ती सरळ,
सरळच शिरली बर्फाच्या ढिगात.
"रेस सोड रे! दोन कामं
एकदम सांगू नयेत तिला."

मग हिल्काची पाळी.
पाय जरा जड पडला,
आणि मागचं पुढे आलं.
मागच्याला ठेच, पुढचा शहाणा व्हायच्या आत
आकाश, किनारा, टाइस्टोची टोपी, पुन्हा किनारा

आणि एकाच गिरकीत दिसल्या
काठावरच्या साऱ्या टपालपेट्या,
ज्यांच्यापाशी पोचायला रोज
अख्खी सकाळ जायची.

थांबली तेव्हा गाडीचं नाक
आल्या वाटेकडे होतं.
काच खाली करून म्हणाली,
"काही खरं नाही बाबा हिचं. घे तुझी परत."

किल्ली मात्र फिरवली
पुन्हा.