भौतिक अवस्था कायम असताना

शिवाजीनगर, तंत्रनिकेतन, पहिला मजला, डावीकडची खोली.
सतरा टेबलं, सोळा धड अ‍ॅमीटर.
सतराव्याची सुई कुणीतरी एकोणनव्वद साली वाकवली,
तेव्हापासून काही जोडलेलं नसतानाही
तो शून्य पॉइंट दोन दाखवतो.
मी तो भंगारात दिलेला नाही.
मी इथली परिचर. तारा मोजून देते, मोजून घेते,
पोरं खिशातून नेतात ते चिमटे धरून.

दर वर्षी पहिला प्रयोग ओहमचा.
निक्रोमची तार, रिओस्टॅट, एलिमिनेटर.
दाब दुप्पट, धारा दुप्पट.
रेघ शून्यातून निघते आणि पट्टी सोडत नाही.
पोरांना हायसं वाटतं.
मलाही वाटतं, खोटं कशाला बोलू.

ह्याच एका भागाकारावर
दत्तवाडीतल्या मंडळाची आरास उभी राहिली होती:
खांबापासून मांडवापर्यंत नव्वद मीटर बारीक वायर,
टोकाचे दिवे काविळीने पिवळे,
आणि सगळे ओरडतायत, बल्ब बदला, बल्ब बदला.
मी म्हटलं, वायर बदला.
वाटेतच वीस व्होल्ट खातेय ती.

आणि तापकीर गल्लीत रुपयाला चार मिळणारा
पिवळ्या-जांभळ्या-तपकिरी पट्ट्यांचा रेझिस्टर:
एलईडीच्या आधी लावलात तर एलईडी वर्षानुवर्षं जगतो.
विसरलात तर एकदाच चमकतो.
फार सुंदर चमकतो.

एवढं जमतं त्या नियमाला. कमी नाही.

मेहजबीन आत्तार उशिरा आली, म्हणून सतरावं टेबल.
तिथली निक्रोम तुटलेली निघाली.
तिने दप्तरातून इंडिकेटरचा बल्ब काढला,
बारा व्होल्ट, एकवीस वॉट.
वडिलांचं नाना पेठेत गाड्यांच्या वायरिंगचं दुकान.
दोन व्होल्टला शून्य पॉइंट नऊ.
सहाला एक पॉइंट चार.
बाराला जेमतेम दोनच्या खाली.

बाकी सोळा टेबलांवर सरळ रेघा,
दोन-तीन तर आकडे घेण्याआधीच काढलेल्या.
हिची चढता चढता मान टाकते.

सर म्हणाले, अ‍ॅमीटर बिघडलाय, शेजारचे आकडे घे.
"शून्य पॉइंट दोन वजा केलेत, सर.
त्याने रेघ खाली येते. सरळ नाही होत."
सरांना चारची पीएमपी गाठायची होती.
दहापैकी पाच.

सगळे गेल्यावर मी खिडक्या लावल्या.
दोन व्होल्टला तार नुसती विझत्या निखाऱ्यासारखी,
बाराला बघवेना.
तिने काचेला बोट लावलं, झटकन काढलं, तोंडात धरलं.
"गरम झाल्यावर हा वेगळाच दिवा असतो, मावशी."
मग जरा थांबून:
"अब्बा म्हणतात, बल्ब जातो तो लावतानाच.
थंड असताना अडवत नाही ना काही.
येईल ते सगळं आत घेतो."

सत्तावीस वर्षं ऐकतेय मी ते वाक्य.
वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना.
पोरं तेवढा भाग एका दमात म्हणून टाकतात,
पत्त्यातला पिनकोड सांगावा तसा.
कायम म्हणजे किती वेळ?
निक्रोमची, दुपारभर.
ह्या दिव्याची, बटण दाबेपर्यंत.
एलईडीची तर तऱ्हाच निराळी:
दीड व्होल्टला ढिम्म, पावणेदोनला ढिम्म,
आणि मग एकदम सगळं.
त्याच्यापुढे तो बिचारा भागाकार
दारात चप्पल काढून उभा.

तिचा कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.
पाचाचं सहा करून द्या, असं ती कुणाला म्हणाली नाही.
पुढच्या मंगळवारी वेळेआधी आली.
नऊ टेबलं रिकामी होती.
गेली ती सतराव्यावर.

मी तारा मोजून दिल्या.