आधी कीर्द

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली,
अकरा मिनिटांनी आली.
यूपीएसवर पोरांनी चहाचे पेले ठेवलेले,
आत बॅटरी होती म्हणायची.

मशीन उठलं.
स्वतःची कीर्द वाचली,
अर्धवट राहिलेलं पुरं केलं
आणि म्हणालं: सगळं स्वच्छ.

स्वच्छ होतंच.
फाइल होती, नाव होतं, तारीख होती,
आकारसुद्धा बरोबर.
आत मात्र लसणाच्या गोण्यांच्या जागी
मागच्या दिवाळीतल्या कुठल्याशा बिलाचा तुकडा.

गोण्या उतरवल्या होत्या हिंदुराव जगदाळ्यांच्या टोळीने.
वाराई त्या आकड्यावर.
गालाशेठ म्हणाले, मशीन चुकलं.
मी मान हलवली.

मशीन चुकलं नव्हतं.
दोन वर्षांपूर्वी शेठ म्हणाले होते,
काटा फास्ट पायजे, गाड्या खोळंबतात,
आणि ह्याच खुर्चीवर बसून
मी एक शब्द टाइप केला होता: राइटबॅक.
म्हणजे, मथळा वहीत चढव, मजकूर सवडीने.
पावती आधी फाड, माल येईल तेव्हा येईल.
काटा पळायला लागला.
शेठनी पेढे दिले होते, कंदी.

दिवाणजी शेलारांनी फळीवरून दोनशेपानी वही काढली,
कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचं कव्हर घातलेली.
‘आधी कीर्द, मग खतावणी, मग तोंड,’ म्हणाले.
पानावर एक्केचाळीस, त्यावर आडवी रेघ,
शेजारी बेचाळीस, आणि सही.
एक गोणी फुटली होती, मागाहून मोजली.
‘खोडायचं नाही. खालचं वाचता आलं पायजे.’

मग एफएसटॅबमधली ती एक ओळ.
चालू डिस्कवर ही अट बदलत नाही,
आधी उतरवायची, मग पुन्हा चढवायची.
हिंदुराव दारात उभे.
म्हटलं, पाच मिनिटं, डिस्क उतरवतेय.
‘वजन?’
अर्धा टेराबाइट.
‘आणि हमाली कोण देणार?’

राइटबॅक काढलं.
लिहिलं: डेटा, बरोबरचं चिन्ह, जर्नल.
मजकूरही आता आधी कीर्दीत, मगच आपल्या जागी.
प्रत्येक गोणी दोनदा वाहायची.
काटा मंदावेल.
मंदावू दे.

बॅरिअर चालू ठेवला:
पहिली थप्पीला लागल्याशिवाय
दुसरीने पाऊल उचलायचं नाही.

कमिट पाच. शेठना तीस हवे होते.
पाच सेकंदांत जेवढं मावतं तेवढं तरीही जाऊ शकतं,
हे ह्या वेळी मोठ्याने सांगितलं.

नोएटाइम:
कोण कधी वाचून गेलं ते लिहीत बसू नकोस.
(हे आधीपासूनच होतं.
म्हणून ती ओळ मी दोन वर्षांत
कितीदा उघडून नुसती पाहिली
ह्याची नोंद कुठेच नाही.)

आणि चूक सापडली तर
फक्त वाचायला उघडं राहा,
नवं काही लिहून घेऊ नकोस.
माणसांना हा पर्याय असता तर
नको, राहू दे.

शेवटी दोन आकडे, शून्य आणि दोन.
चढवली. तक्रार नाही.
बाहेर टेम्पो मागे घेणारा पोरगा
आन दे, आन दे, बस, बस करत होता.

दिवाणजींना म्हटलं, एक ओळ द्या.
त्यांनी वही फिरवली, पेन दिलं,
का ते विचारलं नाही.
तारीख घातली. लिहिलं:
राइटबॅक मी लावलं होतं, न सांगता.
‘न सांगता’ आधी सुटलं होतं,
ते वर काकपद देऊन घातलं.
सही केली.

शेठ वर माळ्यावर, फोनवर.
लोखंडी जिन्याला बारा पायऱ्या.
चढले.