तेवीस जणांच्या मापानं

बाप आला तेव्हा हातात बॅग नव्हती,
पातेलं होतं.
एकतीस वर्षं खनिजाच्या जहाजांवर
सुपीरियर सरोवराचे हेलकावे खाऊन
एका अंगानं चेपलेलं.
"फ्रीझर दाखव," म्हणाला.
मी कशी आहे, ते नंतर.

अजून तीन आठवडे होते.
डुलूथच्या चढावर आमचं भाड्याचं घर,
खिडकीत गोठलेलं बंदर,
आणि बरगडीला टाच लावून बसलेलं कुणीतरी.

त्याला कमी करता येत नाही.
तेवीस खलाशांच्या मापानंच त्याचा हात पडतो,
मीठसुद्धा तेवीस जिभांचं.
"आम्ही दोघंच आहोत," मी म्हटलं.
"अडीच," तो म्हणाला,
आणि आणखी एक कोंबडी उकळत्या पाण्यात सोडली.

जंगली तांदळाचं सूप, नऊ डबे.
राजमा-खिमा, अकरा.
हॉटडिशवर बटाट्याच्या गोळ्या इतक्या सरळ रांगेत
की वादळातही जागची हलली नसती एक.
आणि वेलदोड्याचा पाव, तीन पेडांची वेणी घातलेला.
वेणी त्याला कुणी शिकवली, ठाऊक नाही.
माझी कधी घातली नव्हती त्यानं.

प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, तिरकी अक्षरं:
"साडेतीनशेवर पन्नास मिनिटं. झाकण काढू नकोस.
मग काढ."

मी झाले तेव्हा तो भर पाण्यात होता.
रेडिओवर कुणीतरी कळवलं, मुलगी, सव्वासात पौंड.
त्या रात्री त्यानं सगळ्यांना हाच पाव वाढला.
मला हे आत्ता कळतंय, कांद्याच्या ढिगापलीकडून.
"एक तुकडा उरला नाही," तो म्हणतो,
आणि मग, झाकण दाबता दाबता,
"तुझी आई आठ दिवस बिस्किटांवर होती.
पुढं कधीतरी म्हणाली. भांडताना नाही. सहजच."
झाकण बसत नव्हतं.
त्यानं ते पुन्हा काढून पुन्हा दाबलं.
आई आता ॲरिझोनात असते, दुसऱ्या घरी.
तिनं मोजे पाठवलेत, अंगठ्याएवढे.

गुरुवारी वीज गेली.
फ्रीझरची घरघर थांबली तेव्हा कळलं
की ती इतके दिवस आपण ऐकत होतो.
बाप मेणबत्ती धरून उभा, तोंड उतरलेलं,
जणू तळाला भोक पडलंय.
ड्वेन हसायला लागला. दार उघडलं.
बाहेर उणे अठ्ठावीस.

मग दोघं डबे बर्फात पुरत बसले मध्यरात्री,
मी दारात, तीन स्वेटर घालून.
"डावीकडे पाच झाले, आता उजवीकडे पाच,
नाहीतर कलंडेल," बाप ओरडला.
"काय कलंडेल?"
"अंगण."

सकाळी कोल्ह्याची पावलं.
खिम्याचा एक डबा चाटूनपुसून लख्ख.
"चोविसावा," बाप म्हणाला, नाराज नव्हता.

ती नऊ दिवस आधीच आली.
त्यानंतरचं मला नीट आठवत नाही;
दूध, झोप नसलेल्या खोल्या,
पहाटे तीनला उभ्यानं प्यालेलं सूप,
आणि दर वेळी पट्टीवरचा तो दरडावणारा तिरका हात.
मार्चमध्ये तळ दिसला.
बाप तोवर परत गेला होता पातेलं घेऊन,
फोनवर विचारायचा, "किती उरले?"
तिचं वजन नंतर.

एप्रिलच्या शेवटी पायरीजवळचा बर्फ खचला
आणि एक डबा वर आला.
मोजणीत राहून गेलेला, सगळ्यांत लहान,
माझ्या तळहातात मावेल असा.
पट्टीवर शाई पसरलेली, तरी वाचता येत होती:
"एकटीसाठी. रात्रीचं."

हे माप त्यानं कुठून आणलं?
किती वेळा ओतून, किती वेळा काढून?

उघडलं. वास घेतला.
कडा सुटल्या होत्या, मधोमध अजून दगड.
पायरीवरच बसले,
ती खांद्यावर, गळ्याशी तिचा गरम श्वास,
आणि चमच्यानं टोकरत राहिले.