दोनच

बर्फाच्या कारखान्यात माझा हिशोब टनांत.
बांगडा पाट्यांनी, सुरमई किलोनं,
उघड्या डोळ्यांची सगळी.

मिरकरवाड्यात काचेची पेटी घ्यायला गेलो,
फ्रिजवर मावेल अशीवर बोट ठेवलं.
यासीन वस्ता म्हणाला, "लहान पेटी मुरलेल्यांची.
पाणी उडतं, मीठ मागे राहतं.
वाटीभर समुद्र दुपारीच बिघडतो,
हंडाभर जरा सोसून घेतो.
तीन फुटी घे, दोनशे लिटरची.
आणि फ्रिज विसर, जांभ्याचा ओटा बांध."

बांधला.
खाडीचं नको म्हणून लाँचवाल्याकडून
लांबचं पाणी मागवलं, कॅन कॅन.
सहा आठवडे आत नुसते दगड
आणि पंपाची घरघर.
शेजारी विचारायचे, "मासे मेले काय?"
"यायचेत अजून."

शमिकानं मांडवीच्या खडकातून
ओंजळीत आणला बोटाएवढा गोबरा.
"बाबा, फुकट!"
यासीन हसला नाही.
"हा हातभर होणार. आधी शेजाऱ्यांना खाईल,
मग त्याला पेटी पुरायची नाही."
त्याच डबक्यात सोडून आलो,
पोरगी वाटभर बोलली नाही.

"मग दहा-बारा रंगीत दे."
"दोन. जोकर. पेटीतच जन्मलेले,
समुद्र माहीत नसलेले."
"दोनच?"
त्यानं पिशवीला गाठ मारली.

आता रात्री कामावरून येतो, बोटं अजून गार.
शमिकाच्या नेलपॉलिशची रेघ आहे काचेवर,
तिथवर गोडं पाणी ओततो, हळू.
मग मोजतो.
एक.
दुसरा दगडाआड असतो.
दिवा न मालवता
उभा राहतो.