शेपूट

मी सगळ्यात मागे असते.
त्याला हल्ली काहीतरी इंग्रजी नाव आहे.
तांडेलकाका म्हणायचे, तू शेपूट.
शेपटाशिवाय पतंग जागच्या जागी गिरक्या खातो,
वर जात नाही.

रविवार, सव्वापाच,
तीन हात नाक्याच्या पुलाखाली एकोणीस सायकली.
अंगठे टायर दाबून बघतायत,
कोणाच्या तरी खिशात राजगिऱ्याची चिक्की चुरते आहे.
डॉक्टर सबनीसांचा मागचा ब्रेक आजही लागत नाही,
पुढच्या रविवारी नक्की, म्हणतात.

नवी पोरं विचारतात, आपलं हे सुरू कसं झालं.
त्यांना एखादी शपथ हवी असते, निदान एखादा डोंगर.
मी सांगते, कंपनीला कुलूप लागलं.

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस, पहिली पाळी सहाची.
तेवीस वर्षं काका चेंदणीहून सायकलने यायचे,
कॅरिअरला डबा.
नोटीस लागली सोमवारी.
मंगळवारी पाय पाचला उठले.
पायांना नोटीस वाचता येत नाही.
गेटपर्यंत आले, वॉचमनने चहा पाजला, परत गेले.
बुधवारी पुन्हा.
गुरुवारी गेटवर आणखी दोघे भेटले, डब्यासकट,
आणि मी.
कॅन्टीनच्या उधारीची वही माझ्याकडे राहिली होती,
कोणाला परत करावी ते कळत नव्हतं.
तेव्हा वेल्डर कुडाळकर म्हणाला,
इथवर आलोच आहोत तर येऊर चढू.

एवढंच.
पंक्चरचा हिशेब पहिली चार वर्षं
त्याच वहीच्या मागल्या पानांवर आहे.

माजिवडा. कापूरबावडी.
वर मेट्रो, शेजारी कंटेनर,
मधल्या हातभर जागेतून आम्ही
सुईतून दोरा जावा तसे.
पुढून खूण येते, खड्डा,
या हाताकडून त्या हाताकडे, शेवटी माझ्याकडे.
मीही हात खाली करून दाखवते.
मागे कोणी नसतं.

गायमुखच्या चढाला सुश्रुत केळशीकर तुटला.
दोन बोटांनी उचलावी अशी त्याची सायकल,
आणि श्वास लोखंडाचा.
उतरू नको म्हटलं, हलका गिअर टाक आणि बोलत राहा.
बोलता येतंय तोवर दम आहे,
हा आमचा जुना नियम.

मग तो बोलला.
ऐरोलीचं ऑफिस. शुक्रवारी दाराने कार्ड घेतलं नाही.
घरी माहीत नाही अजून.
उद्या सकाळी गळ्यात पट्टा घालून निघायचं
एवढं ठरलंय.
कुठे, ते नाही.

मी गप्प राहिले.
चढावर धीर देऊ नये, दोघांचाही दम जातो.
माझ्या चाकाला काकांचा लाल दिवा आहे, डायनामोचा,
फिरेल तेवढाच पेटणारा.
आमच्या त्या वेगाला
तो नुसता खोकत होता.

वर सगळे थांबलेले. सबनीसांनी टाळ्या वाजवल्या.
उजव्या हाताला खाडी, ओहोटीची,
चिखलात एक होडी कुशीवर झोपलेली.
फोटो काढला. फोटोत सुश्रुत हसला,
सगळ्यांपेक्षा जरा जास्तच.

उतारावर तो माझ्या बाजूला आला.
म्हणाला, सोमवारी असतं का काही?

नसतं. सव्वीस वर्षांत
सोमवारी कधीच काही नव्हतं.

असतं ना, म्हटलं. सव्वापाच. रोड नंबर बावीसचं गेट.
कसलं गेट?
आता तिथे काचेची इमारत आहे.
पण समोर चहा मिळतो.

पातलीपाड्याच्या सिग्नलला थांबलो,
दिवा विझला.
हिरवा पडायच्या आत तेवढं सांगून घेतलं,
डबा घेऊन ये.