पान एकतीस

नागदेवी स्ट्रीटवर, बेअरिंगच्या त्या गाळ्यात
मी आठ आठवडे होते.
विद्यापीठाच्या नियमाने आठ,
ताहेरभाईंच्या हिशेबाने "चहा वजा जाता सात."

पहिल्या दिवशी एक स्टूल मिळालं,
माझ्यापर्यंत येण्याआधीच मागे वळणारा पंखा,
आणि मोकलकाका.

मोकलकाका बेअरिंगवरचा छाप वाचत नसत.
तळहातावर घेत, बोटाने एकदा फिरवत,
कानाशी नेत आणि सांगत,
"बासष्ट झीरो पाच. असली."
किंवा नुसतंच "हं." म्हणजे डुप्लिकेट.
माझ्या पुस्तकात याला गुणवत्ता नियंत्रण म्हणत,
दहा मार्कांना हमखास.

मी फळ्या मोजल्या, खोके मोजले,
मालाची ए, बी, सी अशी वर्गवारी केली.
डबा उघडता उघडता काका विचारत,
"आज कोण नापास?"
मग एकदा म्हणाले, "तुझ्या सीमधलं ते थोरलं, तळाच्या फळीवरचं,
ते काढायला सांगू नको.
रेवदंड्याकडे एक बर्फाचा कारखाना आहे, त्याचं आहे ते.
तीन-चार वर्षांनी माणूस येतो.
रात्रीच येतो. बर्फ थांबतो थोडाच?"

मी हे लिहिलं नाही.
कुठल्या रकान्यात लिहिणार होते?

पान एकतीस. शिफारशी. क्रमांक चार:
साठ्याची नोंद संगणकावर घेतल्यास
मनुष्यबळात एकाची बचत संभवते.

'संभवते' हा शब्द तेव्हा मला फार आवडला होता.
नाबर मॅडमनी त्याखाली हिरवी रेघ ओढली,
समासात लिहिलं, उत्तम, व्यवहार्य.

कॅम्पसवर मुलाखतीत त्यांनी विचारलं,
तुमच्यामुळे तिथे काय बदललं?
मी आकडा सांगितला. वर्षाला एक लाख अठ्ठेचाळीस हजार.
आकडा लगेच आला तोंडात,
कारण तो मी बेरीज करून काढलेला नव्हता,
वहीतून उतरवलेला होता,
काकांच्या नावासमोरून, दिवाळीचा बोनस धरून.
त्यांनी तेवढं विचारलं नाही.
मी गुरुवारी रुजू झाले.

पुढचं सगळं ठीकच झालं.
पवईला ऑफिस, तलावाकडची खिडकी,
भिवंडीतली तीन गोदामं माझ्या स्क्रीनवर,
आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन एकरकमी.
हे मी नाकारत नाही. पदवी नसती
तर हे झालं नसतं, आणि त्या आठ आठवड्यांशिवाय
पदवी नुसता कागद राहिली असती.

चौदा वर्षांनी नागदेवीला गेले, दुसऱ्याच कामाला.
गल्ल्यावर मुर्तझा, ताहेरभाईंचा धाकटा.
"तुम्हीच ना त्या रिपोर्टवाल्या? पप्पांनी बाइंडिंग करून ठेवलाय."
स्कॅनर पीप करत होता.
काका? "गावाला. लगेच नाही, वर्षभराने."
आणि ते थोरलं, तळाच्या फळीवरचं?
"भंगारात. किलोवर."
मग त्याला काहीतरी आठवलं,
"एक माणूस आला होता, वॉचमन सांगत होता, रात्री.
आपण आठला बंद करतो ना."

यंदा माझ्याकडे एक मुलगा आहे, आठ आठवड्यांसाठी.
हुशार आहे, वेळेवर येतो.
काल त्याने मसुदा दाखवला.
सत्ताविसाव्या पानावर थांबले.
विचारलं, एकाची बचत म्हणजे कुणाची?
त्याने लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"मॅडम, नाव घालायचं असतं का?"

कागद उडू नयेत म्हणून माझ्या टेबलावर एक बेअरिंग असतं,
शेवटच्या दिवशी काकांनी पर्समध्ये टाकलेलं.
तो गेल्यावर तळहातावर घेतलं,
बोटाने फिरवलं, कानाशी नेलं.
असली आहे की डुप्लिकेट,
मला अजून कळत नाही.