तारेची उंची

डॉक्टर काळी फिल्म उजेडासमोर धरतात.
"होसाका-सान, हा पाचवा मणका, हा सहावा.
मधली गादी झिजली आहे,
आणि काठाला हाडाची ही बारीक टोकं."
मला ती वेलीच्या तणाव्यांसारखी दिसतात,
धरायला काही मिळेना म्हणून
आपल्याच फांदीला विळखा घालणारे.

"दिवसभर काय करता?"
वर बघते.
"आणि?"
आणि कात्री चालवते.

एका घडात शंभरावर मणी. ठेवायचे पस्तीस.
आत दडलेले काढायचे, वाकडे वाढलेले काढायचे,
एकमेकांना ढुसण्या देणारे सगळ्यांत आधी.
एका जूनमध्ये आठ हजार घड.
असे बेचाळीस जून.
हात वर, मान मागे, तोंड उघडं,
घास मागणाऱ्या पिलासारखं.

रात्री उशा बदलून पाहिल्या.
टरफलांची, कापसाची, मग गुंडाळलेला टॉवेल,
मग नुसती चटई.
पण दुखणं काही मानेत गप्प बसत नाही.
खांद्यावरून उतरतं, कोपराशी जरा टेकतं,
अंगठ्यात आणि तर्जनीत मुंग्या सोडून देतं.
परवा कात्री हातातून सुटली, हे मला
ती दगडावर पडल्याच्या आवाजावरून कळलं.

मग गळ्यात पट्टा आला. पांढरा, मऊ.
दुकानातली बाई वाकून नमस्कार करते,
मला परत वाकता येत नाही.
जन्मभर साऱ्यांपुढे तुकवली ती मान
आता खांबासारखी ताठ.
गावात म्हणतात, नवरा गेल्यापासून
फुमिएला शिंगं फुटली.
फुटलीत खरी.
फिल्ममध्ये दिसतात.

न्यान व्हिएतनामहून आली आहे, तीन वर्षांच्या करारावर.
माझ्याएवढीच बुटकी.
पहिल्याच आठवड्यात, संध्याकाळी, नळापाशी
मानगूट चोळताना दिसली. बावीस वर्षांची पोर.
दुसऱ्या दिवशी ती खांबाला पाठ लावून उभी राहिली,
डोक्यापासून तारेपर्यंत हाताने मोजलं,
जवळजवळ दोन विती,
आणि मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाली,
"हे कोणासाठी बांधलं?"

बेचाळीस वर्षांत
हा प्रश्न मला सुचला नव्हता.
त्सुतोमु उंच. कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेला.
त्याने तारा ओढल्या त्या दिवशी
मी खाली उभी राहून खिळे देत होते.
तार त्याच्या केसांना टेकली,
तसा तो "झालं" म्हणाला.
मीही म्हणाले, झालं.
घड त्याच्या नजरेसमोर लटकायचे.
त्याची मान शेवटपर्यंत छान होती.
गेला तो छातीने.

न्यानने गोदामातून प्लास्टिकचे क्रेट आणले,
पालथे घातले. एकावर ती चढली.
"चढा."
मी एकोणसत्तरची, पाय लटपटतात.
"चढा," ती पुन्हा म्हणते, जणू ही बाग तिचीच.

चढले.
घड समोर आला, बरोबर नाकासमोर.
त्याच्याकडे असं सरळ बघताना
मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.
चौदा घड केले. मुंग्या आल्या, पण उशिरा आल्या.

मग कसली हुक्की आली कोण जाणे,
मी आणखी एक क्रेट मागितला.
पानांमधून डोकं वर काढलं
तर सगळीकडे सपाट हिरवं, आणि ऊन.
मी आजवर याची सावलीच ओळखत होते.
पश्चिमेच्या डोंगरांवर बर्फाची एक रेघ शिल्लक,
आणि कोपऱ्यातल्या खांबाच्या माथ्यावर,
गंजून लाल झालेली,
त्याची कात्री.

ती मी हरवली म्हणून
अकरा वर्षं बोलून दाखवत होता.

हसायला गेले, तर मानेतून कळ
थेट अंगठ्याच्या टोकापर्यंत.
खाली न्यान दोन्ही हातांनी क्रेट धरून उभी.
"काय दिसलं?" विचारते,
मान मागे टाकून, तोंड उघडं.

वर बघू नकोस, मी म्हणते.